मटेरियल सायन्समधले विद्यार्थी संशोधन पुरस्कार : बेळगाव सीमाभागातून अर्ज कसा करायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मटेरियल सायन्समध्ये एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या हातात चांगले काम असते. पुरस्काराची बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचते तेव्हा मुदत संपलेली असते. मी याच भागात राहून पीएच.डी. केली, असे अर्ज भरले, आणि आता ज्युनिअर्सना भरायला मदत करते. काही वेळा निवड झाली, काही वेळा झाली नाही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. मोठे पुरस्कार बहुतेक एखाद्या परिषदेला जोडलेले असतात आणि परिषदेचा ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा छोटा सारांश, पाठवण्याची तारीख कार्यक्रमाच्या पाच-सहा महिने आधी येते. ती तारीख चुकली की पुढे काही करता येत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने वाचा.

१. आपण कुठे बसतो ते आधी पाहा

परदेशी संस्थांच्या ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ पुरस्कारांना एम.एस्सी., एम.टेक. आणि पीएच.डी. करणारे विद्यार्थी चालतात. बी.ई. किंवा बी.एस्सी.च्या मुलांसाठी ते नसतात. अर्ज करताना, आणि बऱ्याचदा परिषदेच्या वेळीही, तुमची नोंदणी चालू असावी लागते. थीसिस जमा केल्यावर किंवा व्हायवा झाल्यावर आपण विद्यार्थी राहतो का, हे प्रत्येक पुरस्काराच्या नियमात वेगळे असते. शेवटच्या वर्षात असाल तर हा नियम सगळ्यात आधी वाचा.

सीमाभागातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचे. राज्य पातळीच्या स्पर्धेत तुमचे गाव कुठल्या राज्यात आहे हे पाहत नाहीत, तुमचे विद्यापीठ कुठले ते पाहतात. निपाणीची मुलगी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करत असेल तर महाराष्ट्राच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात ती उतरू शकते. तिचाच भाऊ बेळगावात व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठात असेल तर त्याला आविष्कार नाही, पण कर्नाटकातल्या योजना खुल्या आहेत. महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी ८६५ गावांचा सीमाभाग दाखला चालतो, म्हणून तो पुरस्कारालाही चालेल असे गृहीत धरू नका. फेलोशिपचेही तसेच. तिथे बहुतेकदा अधिवासाचा दाखला मागतात आणि त्या अटी वेगळ्या असतात.

२. कोणते पुरस्कार बघायचे

एकदम परदेशी पुरस्कारांकडे बघण्याआधी जवळच्या पायऱ्या चढा. तिथला सराव पुढे फार उपयोगी पडतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद, म्हणजे केएससीएसटी, आहे. तिची ‘स्टुडंट प्रोजेक्ट प्रोग्राम’ ही योजना कर्नाटकातल्या कॉलेजांच्या प्रकल्पांना थोडा निधी देते आणि निवडक प्रकल्पांना राज्य पातळीच्या प्रदर्शनात बक्षिसे मिळतात. एम.टेक.च्या मुलांनी हे सोडू नये.

असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे ‘अन्वेषण’ हे विद्यार्थी संशोधन संमेलन विभागवार होते. यात नाव विद्यापीठाकडून जाते, म्हणून विभागाच्या ऑफिसमध्ये आधीपासून विचारत राहा. परिपत्रक नोटीस बोर्डावर लागेपर्यंत थांबू नका.

इंडियन नॅशनल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचा ‘इनोव्हेटिव्ह स्टुडंट प्रोजेक्ट्स’ पुरस्कार पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी. अशा तीन गटांत देतात. प्रकल्प अभियांत्रिकीकडे झुकणारा असेल तर तो बघा.

मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९८९ मध्ये सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्या वार्षिक सभेत पोस्टर लावणे हा देशभरातल्या परीक्षकांसमोर उभे राहण्याचा उत्तम मार्ग आहे. ओतकाम, मिश्रधातू, हीट ट्रीटमेंट यात काम असेल तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन यांच्याशी संपर्क ठेवा. फाउंड्रीमेनच्या संस्थेची बेळगावात शाखा आहे, तेव्हा उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या लोकांमार्फत तिथे सहज पोचता येते.

आता परदेशी. अमेरिकेच्या मटेरियल्स रिसर्च सोसायटीचे, म्हणजे एमआरएसचे, ‘ग्रॅज्युएट स्टुडंट अवॉर्ड’ सुवर्ण आणि रौप्य अशा दोन दर्जांत असतात. एमआरएसच्या वसंत आणि शरद अशा दोन सभा होतात आणि दोन्हींत ते दिले जातात. अंतिम फेरीतल्यांना परीक्षकांसमोर बोलावे लागते. याच अंतिम फेरीतून आर्थर नोविक यांच्या नावाचा आणखी एक पुरस्कार देतात. पुढे चांगला शिक्षक आणि मार्गदर्शक होईल असे ज्याच्यात दिसते त्याला तो मिळतो. ज्युनिअर्सना शिकवलेले, गावच्या शाळेत प्रयोग दाखवलेले असतील तर ते अर्जात लिहायला संकोच करू नका.

अमेरिकन सिरॅमिक सोसायटीचे ‘जेम्स’ पुरस्कार एमएसअँडटी (मटेरियल्स सायन्स अँड टेक्नॉलॉजी) परिषदेत तोंडी सादरीकरण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. युरोपियन मटेरियल्स रिसर्च सोसायटीची वसंत सभा स्ट्रासबर्गला भरते, तिथेही तरुण संशोधकांसाठी पुरस्कार असतात. बॅटरीवर काम करत असाल तर इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या बॅटरी विभागाचा विद्यार्थी पुरस्कार बघा. तुमचा शोधनिबंध ‘ॲक्टा मटेरियालिया’ किंवा ‘स्क्रिप्टा मटेरियालिया’मध्ये आला असेल आणि मुख्य काम तुमचे असेल तर गाईडना ‘ॲक्टा स्टुडंट अवॉर्ड’बद्दल विचारा.

इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. केंद्र सरकारने २०२२ मध्ये विज्ञान खात्यांच्या बऱ्याच पुरस्कारांना कात्री लावली, तरी बंद पडलेले पुरस्कार त्या याद्यांत अजून दिसतात. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची सूचना दिसली तरच तो पुरस्कार धरा.

३. विकतचे पुरस्कार ओळखा

पहिला शोधनिबंध छापून आला की ‘आंतरराष्ट्रीय उत्कृष्ट संशोधक पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे’ असे ईमेल येऊ लागतात. घरचे आनंदतात, पेढे आणायला निघतात, आणि मग चार-पाच हजारांची ‘नोंदणी फी’ मागितली जाते. असा ईमेल आला की तीन गोष्टी तपासा. परीक्षकांची नावे दिली आहेत का? मागच्या वर्षीचे विजेते कोण, आणि त्यांचे काम शोधल्यावर सापडते का? पुरस्कार स्वीकारण्यासाठीच पैसे मागतात का? परिषदेची नोंदणी फी किंवा संस्थेचे सभासदत्व ही वेगळी गोष्ट आहे, ती खऱ्या संस्थाही घेतात. ढाल आणि प्रमाणपत्रासाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. असला पुरस्कार बायोडेटात दिसला तर जाणकार परीक्षकाचे मत उलट बिघडते.

४. कॅलेंडर उलट मोजा

एमआरएसची शरद सभा बोस्टनला नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असते आणि ॲबस्ट्रॅक्ट साधारण जूनमध्ये मागवतात. वसंत सभा एप्रिलच्या आसपास, तिचे ॲबस्ट्रॅक्ट आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या सुमारास. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या पाहून घ्या. जूनला ॲबस्ट्रॅक्ट द्यायचा तर मोजमापे एप्रिलअखेर हातात हवीत. मे महिन्यात गाईडच्या परीक्षा, पेपर तपासणी, गावाकडची लग्ने, सगळे एकदम येते. एमआरएसच्या पुरस्कारासाठी विद्यार्थी सभासदत्वही लागते, ते आधीच घेऊन ठेवा.

५. अर्धवट मोजमापे पुरी करा

आपल्याकडच्या कॉलेजांत एक्सआरडी, टीईएम, एक्सपीएस अशी पदार्थाची रचना आणि पृष्ठभाग तपासणारी सगळी यंत्रे नसतात. परीक्षकांनाही हे माहीत असते. पण ‘यंत्र नव्हते म्हणून मोजले नाही’ हे वाक्य अर्जात चालत नाही. बेळगावहून धारवाड सुमारे ८० किलोमीटर, कोल्हापूर सुमारे ११०. कर्नाटक विद्यापीठात आणि शिवाजी विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे सॅम्पल फी घेऊन मोजून देणाऱ्या उपकरण सुविधा आहेत. देशभरातली यंत्रे ‘आय-स्टेम’ पोर्टलवर शोधता येतात. नॅनो उपकरणे बनवायची असतील तर भारतीय विज्ञान संस्थेतला ‘आयएनयूपी’ कार्यक्रम बाहेरच्या संशोधकांना प्रशिक्षण आणि सुविधा देतो.

सॅम्पल पाठवताना तीन तरी पाठवा. एकाच सॅम्पलवरचा आकडा कितीही देखणा असला तरी परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात, की पुन्हा केल्यावर तेवढेच आले का?

आणि सॅम्पल एखाद्या फाउंड्रीतून किंवा कारखान्यातून आणले असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या. मालकांशी घरोबा असला तरी घ्या. त्यांच्या मिश्रणाचे प्रमाण एकदा ॲबस्ट्रॅक्टमध्ये छापले की ते जगजाहीर होते. पेटंटचा विचार असेल तर ॲबस्ट्रॅक्टच्या आधी तो अर्ज दाखल करायला हवा, याबद्दल गाईडशी स्पष्ट बोला.

६. ॲबस्ट्रॅक्ट : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

समजा तुमचे काम आपल्याकडे ओतल्या जाणाऱ्या एस.जी. आयर्नवर, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट बारीक गोळ्यांच्या रूपात असते अशा ओतीव लोखंडावर, आहे. ऑस्टेम्परिंग करून, म्हणजे साधारण ९०० अंश सेल्सिअसला तापवून मग २५० ते ४०० अंशांच्या वितळलेल्या मिठाच्या बाथमध्ये ठेवून, त्याची ताकद वाढवायची आहे. बहुतेक मुले असे लिहितात :

‘एस.जी. आयर्नचे नमुने तयार केले. वेगवेगळ्या तापमानांना ऑस्टेम्परिंग केले. एक्सआरडी, एसईएम, हार्डनेस व टेन्साइल चाचण्या केल्या. गुणधर्मांत चांगली सुधारणा दिसली. हे काम ऑटोमोबाईल उद्योगाला उपयुक्त ठरेल.’

यात खोटे काहीच नाही, पण प्रश्नही नाही. कुठल्याही प्रयोगशाळेने कुठल्याही वर्षी लिहावे असे ते आहे. आता त्याच कामाकडे प्रश्नाच्या बाजूने बघा. भंगारातून मँगनीज जास्त येते. ओतीव थंड होताना ते ग्रॅफाइटच्या गोळ्यांपासून दूर, शेवटी गोठणाऱ्या भागात साचते. तिथे रूपांतर मागे पडते, आणि तेवढ्यात गोळ्यांजवळच्या भागात नको असलेली पुढची अभिक्रिया सुरू होते. त्यामुळे बाथमध्ये किती वेळ ठेवायचे याला मोकळीकच उरत नाही. मग गोळ्यांची संख्या वाढवून दोन गोळ्यांमधले अंतर कमी केले, तर जास्त मँगनीजच्या लोखंडातही ती मोकळीक परत मिळते का? हा प्रश्न पहिल्या दोन वाक्यांत आला की परीक्षक पुढे वाचतो. त्यानंतर तुम्ही काय बदलले, काय कायम ठेवले, आकडा किती आला, त्यातली अनिश्चितता किती, हे सांगा. आणि शेवटी या उत्तराने आधीच्या समजुतीत नेमका काय फरक पडला ते एका वाक्यात लिहा.

कच्चा मसुदा झाला की त्याला चार प्रश्न विचारा. हे काम होण्याआधी काय माहीत नव्हते? ते शोधायला हीच पद्धत का? मुख्य आकडा कुठला? आणि यात माझा वाटा कोणता? चौथा प्रश्न पुरस्कारासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण शोधनिबंधावर पाच-सहा नावे असतात आणि पुरस्कार एकालाच द्यायचा असतो. ‘आम्ही’ लिहायची सवय आपल्याला नम्रतेने लागलेली असते. फॉर्ममधल्या स्वतःच्या निवेदनात मात्र ‘मी साचा बदलला’, ‘मी मोजमापाची पद्धत बसवली’ असे स्वच्छ लिहा. आणि जे सहकाऱ्याने केले ते त्याच्या नावाने लिहा.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर हे काम आधी मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्या भाषेत तुमचा विचार चालतो त्या भाषेत, घरातल्या कुणाला तरी सांगून बघा. बारावी झालेल्या बहिणीला प्रश्न कळला तर तो इंग्रजीतही मांडता येतो. तिलाच कळला नाही, तर अडचण भाषेची नसून मांडणीची आहे.

छोट्या कॉलेजचे नाव लपवू नका. व्हीटीयूच्या संशोधन केंद्रांतून काम करणाऱ्यांनी केंद्र, कॉलेज आणि विद्यापीठ अशी तिन्ही नावे पूर्ण द्यावीत. जवळच्या उद्योगाचा प्रश्न घेतला असेल तर तोही ठळक सांगा. यमनापूरच्या ॲल्युमिना कारखान्यातून टाकाऊ म्हणून निघणारा लाल चिखल असो की उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली वापरून झालेली वाळू, असे प्रश्न जगभरच्या परीक्षकांना महत्त्वाचे वाटतात आणि तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळ राहता.

७. शिफारसपत्र

इथे आपली मुले सगळ्यात जास्त गुण गमावतात, आणि दोष कुणाचा म्हणता येत नाही. सर किंवा मॅडम कामात बुडालेले असतात. ते म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग विद्यार्थी नेटवरून ‘कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक’ असे पत्र उचलतो. परीक्षकांच्या हातात अशा पत्रांची चळत असते आणि त्यातून त्यांना काही कळत नाही. शिवाय स्वतःचेच शिफारसपत्र स्वतः लिहिणे योग्य नाही.

त्याऐवजी एका पानावर टिपणे करून न्या : कामाचा प्रश्न, तुम्ही स्वतः सोडवलेली एक अडचण, कुठे छापून आले, कुठे सादर केले, पुरस्काराचे निकष, शेवटची तारीख. आणि असे विचारा : ‘सर, वीस तारखेपर्यंत पत्र पोर्टलवर जायला हवे. तुम्हाला लिहिताना सोपे जावे म्हणून कामाची टिपणे आणली आहेत. भट्टीचे तापमान स्थिर राहत नव्हते तेव्हा आपण काय केले ते तुम्ही लिहिलेत तर बरे होईल.’ नाही म्हणणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले. नेमका प्रसंग आठवला की पत्र आपोआप चांगले उतरते.

दुसरे पत्र त्याच विभागातून घेऊ नका. डॉक्टोरल कमिटीचे बाहेरचे सदस्य, धारवाड-कोल्हापूरला ज्यांच्या यंत्रावर तुम्ही काम केले ते प्राध्यापक, किंवा फाउंड्रीतले मेटलर्जिस्ट यांना विचारा. पोर्टलची लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. दोन दिवसांनी नम्रपणे फोन करून ‘मेल मिळाली का?’ एवढे विचारा.

८. लागणारी कागदपत्रे

- चालू नोंदणीचे बोनाफाईड. व्हीटीयूच्या पीएच.डी.ला नोंदणी विद्यापीठाची आणि काम कॉलेजात असते. बोनाफाईडवर यूएसएन (विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक) आणि दोन्ही नावे आहेत का ते बघा.
- एक किंवा दोन पानांचा बायोडेटा. प्रकाशित, स्वीकृत आणि पाठवलेले शोधनिबंध वेगवेगळे दाखवा.
- ॲबस्ट्रॅक्ट, त्याचा नोंदणी क्रमांक आणि स्वीकृतीचे पत्र.
- कामाचे महत्त्व सांगणारे छोटे निवेदन, मागितले असेल तर.
- सहलेखकांची संमती. ईमेलवर असली तरी चालते, पण जपून ठेवा.
- पदव्युत्तर मार्क्सकार्ड, काही भारतीय पुरस्कारांसाठी.
- पासपोर्ट.

नावाचा गोंधळ आपल्याकडे फार. एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावर नावापुढे आद्याक्षरे, आधारवर वडिलांचे पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि शोधनिबंधावर चौथेच रूप. पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरा, परिषदेच्या नोंदणीत तेच द्या आणि लेखक म्हणून एक रूप ठरवून ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक काढा. शहराचे इंग्रजी नाव नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर ते वेगळे दिसते. त्याने सहसा अडत नाही, पण एका अर्जात सगळीकडे एकच रूप लिहा. तालुक्याचा दाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा.

९. अंतिम फेरीतले बोलणे

स्लाइड कमी ठेवा. पहिल्या मिनिटात प्रश्न सांगून टाका. प्रत्येक आलेखावर एरर बार (अनिश्चितता दाखवणारी रेघ), प्रत्येक सूक्ष्मचित्रावर स्केल बार (मोजमाप दाखवणारी रेघ) हवाच. सरावाला विभागातल्यांबरोबर रसायनशास्त्राचा, मेकॅनिकलचा असा बाहेरचा माणूसही बोलवा. परीक्षक तुमच्याच विषयातले असतील असे नाही. उत्तर येत नसेल तर ‘हे मोजलेले नाही, मोजायचे तर असे मोजेन’ असे सरळ सांगा. परीक्षक याला चांगले गुण देतात.

१०. प्रवास, पैसा, व्हिसा

परदेशी परिषदेचे पुरस्कार तिथे हजर राहून काम सादर करणाऱ्यालाच मिळतात, आणि बक्षिसाच्या रकमेत विमानाचे तिकीट निघत नाही. म्हणून ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारला गेल्याचा ईमेल आला की त्याच आठवड्यात प्रवास अनुदानाचा अर्ज करा. संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था एसईआरबी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावली आहे. तिची ‘इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट’ योजना आणि सीएसआयआरचे प्रवास अनुदान, दोन्ही संशोधक विद्यार्थ्यांसाठी खुली आहेत. एकीकडून अर्धवट रक्कम मिळाली तर उरलेल्यासाठी दुसरीकडे विचारता येते का हे नियमात बघा, आणि दोन्हीकडचे अर्ज एकमेकांपासून लपवू नका. परिषदेचे स्वतःचे विद्यार्थी अनुदानही असते, त्याचा फॉर्म वेगळा असतो.

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला महिनोन्महिने थांबावे लागू शकते. पासपोर्ट नसेल तर तो आजच काढायला घ्या, परिषद ठरण्याची वाट पाहू नका. आमंत्रणपत्र परिषदेच्या ऑफिसकडून मागवून घ्यावे लागते.

अनुदानाचे पैसे बहुतेकदा परत आल्यावर, बिले दिल्यावर मिळतात. तोवरचा खर्च कोण करणार हे घरच्यांशी आणि गाईडशी आधी बोलून ठेवा. तिकीट नियमात सांगितलेल्या मार्गानेच काढा, आणि बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, व्हिसा फीची पावती, हजेरीचे प्रमाणपत्र एका पाकिटात ठेवा. परतल्यावर कॉलेजच्या अकाउंट्समध्ये आणि विद्यापीठात, दोन्हीकडे प्रती द्या आणि पोच घ्या.